उंचीचे शून्य कुठे? तंजावरचे शिखर आणि इनडोअर नकाशातील एक चौकट



इनडोअर मॅपिंगचे कोणतेही सॉफ्टवेअर घ्या. इमारतीचा आराखडा चढवला, भिंती, दारे, जिने जागेवर बसले, की ते तुमच्याकडे एक आकडा मागते : एलिव्हेशन, म्हणजे उंची. चौकट लहान असते. बहुतेक जण तिथे आधीपासून असलेले शून्य तसेच ठेवतात, नाहीतर इंटरनेटवर शहराची उंची शोधून ती टाकतात. दोन्ही वेळा नकाशा पडद्यावर ठीकच दिसतो. इमारतीच्या आत कोणाला तरी शोधायची वेळ येते तेव्हा मात्र चूक उघडी पडते.

या टिपणात आपण त्या चौकटीमागचा इतिहास पाहणार आहोत. मुद्दा एकच आहे : उंचीच्या आकड्याला त्याच्या शून्याशिवाय अर्थ नसतो. 'साठ मीटर' हे अर्धे वाक्य झाले; 'कशापासून साठ मीटर' हे सांगितल्यावर ते पूर्ण होते. गेल्या दोनशे वर्षांत आपल्या देशात हे शून्य अनेकदा बदलले, आणि आज सॉफ्टवेअरमध्ये ही सगळी शून्ये एकमेकांशेजारी नांदत आहेत.

उदाहरणासाठी तंजावर घेऊ. भारतीय सर्वेक्षणाच्या इतिहासातला एक प्रसिद्ध अपघात तिथल्या बृहदीश्वर मंदिरावर घडला. शिवाय उंची, मजला आणि पातळी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या परिसरातल्या इमारती फार स्वच्छपणे दाखवतात. तंजावर आपल्याला परकेही नाही. व्यंकोजी भोसल्यांनी १६७६ च्या सुमारास तिथे राज्य स्थापले, ते १८५५ पर्यंत चालले. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत लिहवून याच मंदिराच्या भिंतीवर कोरवून घेतला. तो शिलालेख आजही तिथे आहे.

१. मजला म्हणजे काय?

सुरुवात भाषेपासून करू, कारण पहिला घोटाळा तिथेच आहे. आपण म्हणतो, 'त्यांचे घर दुमजली आहे.' म्हणजे तळमजला आणि त्यावर एक मजला. पण त्याच घराचा वरचा भाग सांगताना आपण 'पहिला मजला' म्हणतो. म्हणजे दुमजली घराला दुसरा मजला नसतो! 'दुमजली' म्हणताना आपण मोजणी एकपासून करतो आणि 'पहिला मजला' म्हणताना शून्यापासून. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणण्याची रीत आहे, त्यामुळे तिथले सॉफ्टवेअर वापरताना आणखी एकाची चूक होऊ शकते.

'माडी' हा शब्द मराठीत आहे तसाच तमिळमध्येही आहे, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वरचा मजला असाच होतो. तंजावरच्या राजवाड्यातली 'सर्जा माडी' प्रसिद्ध आहे. माडी म्हटले की तळमजला मोजणीतून आपोआप वगळला जातो.

आता दोन इमारती पाहा. राजवाड्याच्या आवारात देवळाच्या शिखरासारखा दिसणारा 'गूडगोपुरम' नावाचा मनोरा आहे. तो आठ मजली आणि सुमारे १९० फूट, म्हणजे जवळपास ५८ मीटर उंच असल्याचे सांगितले जाते. दुसरी इमारत त्याच जिल्ह्यात समुद्रकाठी आहे. नेपोलियनविरुद्ध इंग्रजांना मिळालेल्या विजयाचे स्मारक म्हणून सरफोजींनी १८१४-१५ च्या सुमारास ती बांधली. तिचे नावच 'मनोरा'. हा आपला मराठी शब्द तमिळ मुलखात स्थळनाम होऊन बसला आहे. ही षट्कोनी इमारतही आठ मजलीच म्हणून ओळखली जाते, पण तिची उंची सुमारे २३ मीटर.

भागाकार करून पाहा. गूडगोपुरमचा सरासरी मजला सात मीटरांहून जास्त येतो, मनोऱ्याचा तीन मीटरांहून कमी. 'मजले गुणिले तीन मीटर' हे सूत्र सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा आयतेच दिलेले असते. ते मनोऱ्याला साधारण लागू पडेल, पण गूडगोपुरमची उंची निम्म्याहून कमी दाखवेल. मजल्यांची संख्या हे उंचीचे माप नव्हे, हा पहिला धडा.

बृहदीश्वराचे विमान, म्हणजे गर्भगृहावरचे शिखर, याहून पुढचा धडा देते. पहिल्या राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. बाहेरून शिखराचे तेरा थर मोजता येतात. आत मात्र गर्भगृहाभोवती प्रदक्षिणेचे दोनच मजले आहेत. खालच्या मार्गिकेत चोळकालीन भित्तिचित्रे आहेत. नायककाळात त्यांच्यावर दुसरी चित्रे काढली गेली होती, त्यामुळे ती १९३१ मध्ये उजेडात आली. वरच्या मार्गिकेत नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी ८१ करणांची शिल्पे आहेत. त्याच्या वर शिखर आतून पोकळ आहे. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये 'तेरा मजले' भरले, तर नकाशा माणसाला पोकळीत चालायला लावेल. इनडोअर नकाशात मजला म्हणजे जिथे पाय टेकून चालता येते ती फरशी. बाहेरून दिसणारे थर त्यात धरायचे नाहीत.

२. १८०८ : शिखर आणि थिओडोलाइट

विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजली आणि दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. पद्धत तुम्हाला ठाऊक आहे : एक बाजू नीट मोजायची, मग कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जायचे. त्यासाठी लंडनच्या विल्यम केरीने बनवलेला मोठा थिओडोलाइट आणला होता. त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच होता, वजन सुमारे अर्धा टन. भारतात येताना तो फ्रेंचांच्या हाती लागून मॉरिशसला पोहोचला होता. पुढे त्यांनी तो परत केला.

डोंगराळ मुलखात टेकडीवर चढले की लांबचे ठिकाण दिसते. कावेरीच्या खोऱ्यात तशी सोय नाही. जमीन सपाट, त्यावर नारळी आणि ताडांची गर्दी. दूरवर नजर पोहोचायची तर उंच इमारत हवी, आणि तिथल्या उंच इमारती म्हणजे देवळे. म्हणून लॅम्ब्टनने गोपुरे आणि शिखरे निरीक्षणासाठी वापरायला सुरुवात केली. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर थिओडोलाइट दोरांनी वर ओढला जात असताना तोल धरणारा दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. कोन वाचण्याचे वर्तुळच वाकडे झाले.

दुसऱ्या कोणी काम थांबवले असते. लॅम्ब्टनने यंत्र त्रिचनापल्लीला नेले, ते पूर्ण सुटे केले, सपाट फळीवर वर्तुळाचा मूळ आकार आखला आणि पाचर, स्क्रू व कप्प्या लावून पितळ हळूहळू त्या रेषेपर्यंत ओढून आणले. या कामाला सहा आठवडे लागले. तोच थिओडोलाइट पुढे कित्येक वर्षे सर्वेक्षणात चालला. लॅम्ब्टन मात्र २० जानेवारी १८२३ रोजी प्रवासात असताना आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे वारला. त्याची कबर तिथेच आहे.

या गोष्टीत आपल्या विषयाचे दोन मुद्दे आहेत. लॅम्ब्टनचा मुख्य हेतू जागांचे स्थान आणि पृथ्वीचा आकार ठरवणे हा होता. उंची हे त्या कामातले दुय्यम फळ. दोन ठिकाणांमधले अंतर आणि वर-खाली बघण्याचा कोन यांवरून उंचीतला फरक काढता येतो, पण हवेतून येणारा प्रकाशकिरण वाकतो आणि तो दिवसभर सारखा वाकत नाही. म्हणून उंचीतली चूक नेहमी जास्त. दोनशे वर्षांनी जीपीएसमध्येही हेच आहे. उपग्रह फक्त वरच्या बाजूला असतात, खालच्या बाजूला पृथ्वी आड येते, त्यामुळे उंचीतली चूक आडव्या स्थानातल्या चुकीपेक्षा मोठी असते.

दुसरा मुद्दा : लॅम्ब्टनने सुरू केलेल्या रेखांशीय कमानीच्या मोजणीतूनच जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे आकडे ठरवले. ध्रुवांकडे किंचित चपट्या असलेल्या त्या गणिती गोलाला, म्हणजे एलिप्सॉइडला, एव्हरेस्टचे नाव मिळाले. हा एलिप्सॉइड पुढे चौथ्या भागात आपल्याला भेटेल.

३. समुद्राचे शून्य

शिखराची उंची देवळाच्या फरशीपासून मोजली की एक आकडा येतो, भोवतालच्या अंगणापासून मोजली की दुसरा, कळसासकट मोजली की तिसरा. बृहदीश्वराच्या विमानाची उंची निरनिराळ्या पुस्तकांत ६० ते ६६ मीटरांच्या दरम्यान निरनिराळी दिलेली आढळते, यामागे हेही एक कारण आहे. एका गावापुरते हे चालते. दोन गावांची तुलना करायची तर दोघांना सामाईक शून्य लागते. त्यासाठी समुद्र निवडला गेला.

भारतात स्पिरिट लेव्हलिंगची मोठी कामे १८५८ पासून सुरू झाली. देशभर लेव्हलिंगच्या रेषा टाकून त्या एकत्र जुळवण्याचे काम १९०९ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी नऊ बंदरांवर भरती-ओहोटीची दीर्घकाळ नोंद घेऊन समुद्राची सरासरी पातळी काढली होती : कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टिनम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट. या नवांपैकी नागपट्टिनम तंजावरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे.

नऊही ठिकाणची सरासरी पातळी शून्य धरली गेली. प्रत्यक्षात पाण्याची क्षारता, तापमान, वारे आणि प्रवाह यांमुळे समुद्राची सरासरी पातळीही सगळीकडे अगदी सारखी नसते. म्हणजे समुद्रसपाटी हेसुद्धा माणसांनी एकमताने ठरवलेले शून्य आहे. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवरची 'समुद्रसपाटीपासून उंची' आणि टोपोशीटवरचे बेंचमार्क ही या शून्याची रोजच्या ओळखीची रूपे.

हे शून्य धरले की एक गंमत दिसते. तंजावर शहराची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे साठ मीटर उंचीवर आहे. सरफोजींचा मनोरा समुद्रकाठी आहे. म्हणजे तेवीस मीटर उंच मनोऱ्याचे टोकही तंजावरच्या रस्त्यापेक्षा खालीच राहते. 'उंच इमारत' आणि 'उंचीवरची इमारत' या दोन गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या रकान्यांत का असतात, ते यावरून लक्षात येईल.

४. गणिताचे शून्य

जीपीएसच्या उपग्रहांना समुद्र ठाऊक नसतो. ते स्थान काढतात ते डब्ल्यूजीएस-८४ या गणिती एलिप्सॉइडवर. एव्हरेस्टचा एलिप्सॉइड भारताच्या मोजणीवर बेतलेला होता, हा साऱ्या पृथ्वीसाठी आहे. म्हणून जीपीएसची मूळ उंची एलिप्सॉइडपासून मिळते. समुद्राची सरासरी पातळी मात्र गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वर-खाली होते. त्या पृष्ठाला जिऑइड म्हणतात. दोन्हींतला फरक जगात सगळीकडे सारखा नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइड एलिप्सॉइडच्या शंभर मीटरांहून अधिक खाली जातो, आणि ही जगातली सर्वांत खोल जागा आहे. दक्षिण भारत तिच्या शेजारी असल्यामुळे तंजावरजवळ हा फरक सुमारे नव्वद मीटर येतो. मुंबईतही तो साठ मीटरांहून अधिक आहे.

आता हिशोब करा. आकडे मुद्दाम गोल घेतले आहेत.

समुद्रसपाटीपासून : देवळाचे अंगण ६० मीटर, शिखराचे टोक १२० मीटर.
एलिप्सॉइडपासून : अंगण उणे ३० मीटर, टोक अधिक ३० मीटर.

म्हणजे गणिताचे शून्य बृहदीश्वराच्या शिखराच्या जवळजवळ मध्यातून जाते! देऊळ तेच, दगड तेच, पण एका शून्याने ते पूर्ण जमिनीवर आहे आणि दुसऱ्या शून्याने अर्धे 'पाताळात'. अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅपला मिळणारी मूळ उंची एलिप्सॉइडपासूनची असते, आयफोनमध्ये नेहमीची उंची समुद्रसपाटीपासूनची असते. एकाच अंगणात उभ्या असलेल्या दोघांच्या फोनमधल्या कच्च्या आकड्यांत म्हणूनच नव्वद मीटरांचा फरक दिसू शकतो, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात.

५. चौकट भरताना

हा इतिहास समजला की चौकट भरणे अवघड नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चार गोष्टी वेगळ्या मागितलेल्या असतात. नावे बदलतात, अर्थ तेच राहतात.

(अ) इमारतीची पायाभूत उंची : तळमजल्याच्या तयार फरशीची समुद्रसपाटीपासूनची उंची. जवळच्या बेंचमार्कवरून लेव्हलिंग करून आणलेला आकडा सर्वांत चांगला. रस्त्याची पातळी टाकू नका. जोते रस्त्याच्या वर असते. उपग्रहावरून केलेल्या उंचीच्या मॉडेलमधून आकडा उचलताना त्याची मर्यादा लक्षात ठेवा. सन २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेल्या एसआरटीएम या मॉडेलचा एक ठोकळा सुमारे तीस मीटरांचा आहे, आणि बृहदीश्वराच्या विमानाचा पाया जवळपास तेवढाच. शिवाय ते मॉडेल जमिनीबरोबर छपरे आणि झाडेही मोजते. एका ठोकळ्यात अंगण आणि शिखर दोन्ही मिसळले, तर निघणारा आकडा धड जमिनीचाही नसतो आणि शिखराचाही नसतो.

(आ) मजल्याची सापेक्ष उंची : तळमजल्याच्या फरशीपासून त्या मजल्याच्या फरशीपर्यंत. ही प्रत्येक मजल्याची वेगळी मोजा. टेपने किंवा लेसर मीटरने जिन्याच्या चौकात मोजणे सोपे पडते.

(इ) मजल्याची स्वतःची उंची : फरशीपासून वरच्या स्लॅबपर्यंत. दोन मजली उंचीच्या सभागृहात ही नेहमीपेक्षा मोठी येईल.

(ई) मजल्याचा क्रमांक : हा उंचीचा आकडा नाही, फक्त क्रम आहे. ओजीसी या संस्थेने २०२१ मध्ये कम्युनिटी स्टँडर्ड म्हणून स्वीकारलेल्या आयएमडीएफ या रचनेत तळमजला शून्य, वरचा एक, तळघर उणे एक असा क्रम असतो. लिफ्टच्या बटणावर काय लिहिले आहे ते नावाच्या वेगळ्या रकान्यात जाते. बृहदीश्वराच्या विमानाला इथे दोनच क्रमांक मिळतील : शून्य आणि एक.

आणि पाचवी गोष्ट, जी अनेकदा मागितलीच जात नाही : शून्य कोणते ते लिहून ठेवा. त्यासाठी रकाना नसेल तर शेऱ्यात लिहा. 'सरासरी समुद्रसपाटीपासून, अमुक बेंचमार्कवरून, अमुक तारखेला' एवढे पुरे.

६. शून्य चुकले तर

याने खरोखर काही बिघडते का? अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने (एफसीसी) २०१९ मध्ये नियम केला की आपत्कालीन फोन करणाऱ्याची उभ्या दिशेतली जागा, इमारतीच्या आतून केलेल्या दहापैकी आठ फोनांसाठी, अधिक-उणे तीन मीटरांच्या आत कळली पाहिजे. तीन मीटर म्हणजे साधारण एक मजला. पण फोनकडून येणारा आकडा एलिप्सॉइडपासूनचा असतो, आणि अग्निशमन दलाच्या माणसाला हवा असतो मजला. मधला पूल इनडोअर नकाशाने बांधायचा असतो. फोनने सांगितलेली उंची आणि नकाशातल्या मजल्यांच्या उंच्या एकाच शून्यापासून मोजलेल्या असतील, तरच तो पूल जुळतो.

आता कल्पना करा, दक्षिण भारतातल्या एखाद्या दहा मजली रुग्णालयाच्या नकाशात पायाभूत उंची शून्यच राहिली आहे. सातव्या मजल्यावरून आलेला उंचीचा आकडा जुळवायला गेलो तर एका शून्याने तो छपराच्या कितीतरी वर जाईल, दुसऱ्याने तळघराच्याही खाली. यंत्र तक्रार करणार नाही, कारण आकडा हा आकडा असतो. धुरात जिना चढणाऱ्या माणसाला मात्र एका मजल्याची चूकही परवडत नाही.

लॅम्ब्टनचे वर्तुळ वाकडे झाले ते सगळ्यांना दिसले, म्हणून ते सहा आठवडे खपून सरळ करता आले. चुकीच्या शून्याचा दोष तसा दिसत नाही. आराखडा सुबक असतो, रंग भरलेले असतात, जिने जोडलेले असतात. म्हणून नकाशा हाती घेतल्यावर आधी उंचीचा रकाना उघडा आणि विचारा : हे कशापासून?

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयाच्या इमारतीसाठी वरच्या (अ) ते (ई) या चारही नोंदी तयार करा. प्रत्येक आकडा कसा मिळवला ते शेजारी लिहा.
२. जवळच्या रेल्वे स्थानकाच्या पाटीवरची उंची आणि तिथेच उभे राहून फोनमधल्या जीपीएस अ‍ॅपने दाखवलेली उंची नोंदवा. फरक साठ मीटरांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आला तर त्याचे कारण स्पष्ट करा.
३. तुमच्या गावातली अशी एक इमारत शोधा, जिचे बाहेरून दिसणारे मजले आणि आतले चालण्याजोगे मजले वेगळे आहेत. जुना वाडा, देऊळ, गिरणी, पाण्याची टाकी, काहीही चालेल. तिचे मजल्यांचे क्रमांक ठरवा.
४. उतारावरच्या इमारतीला दोन रस्त्यांवरून दोन वेगळ्या पातळ्यांवर प्रवेश आहे. शून्य क्रमांक कोणत्या मजल्याला द्याल? कारणासह लिहा.